चार एकर, दोन ट्रॅक्टर

आमचे शेजारी नत्थूभाऊ यांचं वावर एवढंसं, की ट्रॅक्टर वळवायचा म्हटला तर पुढची चाकं आमच्या धानात यायची. भाऊ आधी वळायचे आणि मग वरून विचारायचे, "येऊ का गा?"

आणि या चार एकरांना ट्रॅक्टर दोन! रामपायलीच्या बाजूला तेव्हा एक ट्रॅक्टर दिसला तरी माणसं हातचं काम टाकून बघायला यायची. बालाघाटहून पाहुणे आले की मी चहाच्या आधी नत्थूभाऊंचं अंगण दाखवायचो.

"लहान वावराले दोन लागतेतच," भाऊ बोट नाचवत सांगायचे. "मोठ्या शेतकऱ्याचा फसला तं काढाले दहा लोकं हायेत. आपल्याले कोन हाय? एक फसंल, दुसरा काढंल."

ऐकताना अगदी पटायचं हो! अडचण एवढीच, की दुसरा ट्रॅक्टर कधी सुरूच झाला नाही. एका लाकूड ठेकेदाराने टाकून दिलेला तो सांगाडा भाऊंनी ट्रकवर घालून आणला होता. रोज सकाळी हँडल मारायचे, तो खोकायचा आणि गप्प बसायचा. पहिला चिखलात फसला की काढायला जायचे माझे बैल.

पोळ्याला तर कहरच. तोरणाखाली गावच्या बैलजोड्यांच्या रांगेत भाऊंचीही जोडी उभी. चालता ट्रॅक्टर पुढे, दोराने बांधलेला मागे, दोघांनाही गेरू आणि बेगड. बायका ओवाळायला आल्या तर म्हणाले, "मांगच्याले आधी. धाकटा हाय तो."

एकदा परसवाड्याचं एक गिऱ्हाईक सुट्या भागांसाठी जुना ट्रॅक्टर शोधत होतं. मीच उत्साहाने त्याला घेऊन आलो. तो बघता बघता बंद ट्रॅक्टरच्या सीटवर चढून बसला. कधी आवाज न चढवणारे भाऊ कडाडले, "उतर खाली. ते जागा श्रावनची हाय."

श्रावण म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. ट्रॅक्टर घेऊ म्हणून हटून बसला होता. "चार एकराले ट्रॅक्टर? येडा झाला का?" असं भाऊंनी चारचौघांत झापलं, तसा तो निघून गेला. बिरशाला जाऊन ट्रकवर ड्रायव्हर झाला, गावात पुन्हा फिरकला नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं. दुसरा ट्रॅक्टर त्याच्यासाठी आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"पन भाऊ, दोघायचं एकात भागलं नसतं का?"

"मंग चालवंल कोन, याच्यावरून पुन्हा बिनसलं असतं. आता मले भांडाले जागाच ठेवाची नाई."

गिऱ्हाईक केव्हाच निघून गेलं होतं. मला गलबलून आलं आणि हुरूपही आला. "मंग बोलवा ना त्याले! डायवर हाय, येऊन दुरुस्तही करंल. मी आजच्याच मोटारीनं बिरशाले जातो." मी चपला शोधायलाही लागलो.

भाऊंनी माझं मनगट धरलं. "आधी चालू तं होऊ दे."

"भाऊ, तो काई चालू होत नाई."

"हौ," ते म्हणाले. मनगट सोडलं नाही. "पन बोलावूनही आला नाई तं?"