नागमोडी कडेची पट्टी

"लस घेतल्याशिवाय बाळाला हात लावायचा नाही. कुणीच!" मुलीने जाहीर केले. तिचे दिवस भरायला महिनाभरच उरला होता.

"मीपण? या वयात?" टेलरमास्तर म्हणाले.

"डांग्या खोकला वय विचारून येत नाही, बाबा. मोठ्यांना तो साधा खोकला वाटतो, पण तान्ह्याच्या जिवावर बेततं. आणि लहानपणच्या लशीचा जोर केव्हाच उतरलेला असतो."

चाळीस वर्षे सुईवर पोट भरलेला हा माणूस इंजेक्शनच्या सुईला मात्र टरकून होता. येणाऱ्या नातवंडासाठी त्यांनी आठ झबली शिवून ठेवली होती. बाळाला पहिल्यांदा मांडीवर आपणच घ्यायचे, हेही मनाशी पक्के होते.

त्यात बायको कालच लस घेऊन आलेली. दंडावरची पट्टी सगळ्यांना दिसावी म्हणून ती बाही वर सरकवून घरभर हिंडत होती. "मुंगी चावल्यासारखं वाटतं, बस्स! त्याला काय घाबरायचं?"

मास्तर तिरमिरीत उठले आणि दवाखान्याच्या दारापर्यंत गेले. आतून कुणीतरी ओरडले. मास्तर आल्या पावली परतले ते थेट घराच्या पुढच्या खोलीतल्या आपल्या दुकानात. तिथे बोटाला सुई टोचली की लावायला चिकटपट्टी असे. तिचा एक तुकडा कापून त्यांनी दंडावर चिकटवला आणि आत गेले.

इथपर्यंत निभावले असते. पण मुलीचा चेहरा असा काही खुलला, की मास्तरांच्या अंगात नाटक संचारले.

"आई गं! हात वरच होत नाहीये," ते कण्हले. जेवताना त्यांना कणकणही आली.

मुलगी घाबरली. तिने दवाखान्यातल्या सिस्टरना फोन केला. घरी जाता जाता त्या डोकावल्या.

"बाबा, तुम्हाला टोचलं कुणी? माझ्या वहीत तर तुमचं नाव नाही."

"गर्दी होती ना..."

"आणि ही पट्टी कसली? आम्ही नुसता कापूस दाबून धरायला सांगतो. पट्टी कुणालाच लावत नाही."

"बाबा, बाळाच्या बाबतीतसुद्धा खोटं?" मुलीचा आवाज कापरा झाला.

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. अशा वेळी बायकोच्या तोंडाचा पट्टा पहिला सुटायचा. आज ती छताकडे बघत होती आणि हळूच बाही खाली ओढत होती. बाही पुरती खाली यायच्या आत मास्तरांना तिच्या पट्टीची कड दिसली. कड नागमोडी होती. तशी कड कापणारी कात्री अख्ख्या गल्लीत एकच होती, त्यांच्या दुकानातली. तिला हात लावायची घरात कुणाला परवानगी नव्हती.

मास्तर खाकरले. "चुकलं माझं, पोरी. सिस्टर, उद्या सकाळी येतो. दोन लशी काढून ठेवा."

"दोन कशाला?" मुलीने विचारले.

"अहो..." बायको पुटपुटली.

"घाबरू नकोस गं," मास्तर म्हणाले. "मुंगी आधी मला चावेल."