डुबकरावांचे मासे दाखवणारे यंत्र

एका जंगलातून एक नदी वाहत होती. मुलांनो, नदीचे नाव विचारू नका. नाव सांगितले की लगेच तिथे सहली निघतात.

त्या नदीकाठी डुबकराव आणि त्यांची बायको तरंगा राहत. दोघेही पाणमांजरे. पाणमांजराच्या मिशा पाण्यात बुडाल्या की जवळपास हललेला मासा त्या मिशांना आपोआप कळतो. त्याला शाळा लागत नाही.

पाणमांजरांत एक रीत होती. पावसाळा सरून पाणी निवळले की सासरा जावयाकडे जेवायला यायचा. जावयाने स्वतः धरलेला मासा सूर्य बुडायच्या आत सासऱ्याच्या पानात वाढायचा. नाही वाढला, तर मुलगी वर्षभरासाठी माहेरी जायची.

मागच्या वर्षी डुबकरावांनी मासा वाढला होता. तो पाहून सासरे डोहाप्पा म्हणाले होते, "जावईबापू, हा मासा आहे की माशाची आठवण?"

ते बोलणे डुबकरावांच्या घशात काट्यासारखे अडकून बसले. तरंगावर त्यांचा फार जीव. यंदा मासा मिळालाच नाही तर? या विचाराने त्यांना घास गोड लागेना. शेवटी ते उंबराखाली माकडाच्या दुकानात गेले.

"मासे दाखवणारं यंत्र आलंय म्हणे?"

"एक का, तीन आलीत," माकड म्हणाले. "हा चेंडू पाण्यात फेकायचा, चित्र मोबाइलवर येतं. हे दुसरं होडीच्या कडेला चिमट्यानं लावायचं. आणि हे तिसरं बघा. मोठा रंगीत पडदा, उन्हातही दिसतो. दोनशे हात खोल असलेला मासा दाखवतं."

"आपली नदी तर पंधरा हात खोल आहे."

"मग उरलेले एकशे पंच्याऐंशी हात तुम्हाला फुकट!"

डुबकराव खूश झाले. तरी घाई नको, असे त्यांनी ठरवले. अकरा दिवस ते यंत्र निवडत होते. बॅटरी किती वेळ टिकते, ते कासवाला विचारले. उचलायला हलके आहे का, ते मुंगीला विचारले. पडदा उन्हात नीट दिसतो का, ते घुबडाला विचारले. शेवटी तिसरे घेतले.

"होडी आहे ना?" माकडाने विचारले. "हे लहान होडीचं यंत्र आहे."

होडी नव्हती. पाणमांजराला होडी कशाला लागते? डुबकरावांनी रातोरात सावरीचा ओंडका पोखरून होडी केली. होडीत बसून तोंडाने मासा धरता येईना, म्हणून जाळेही आणले.

"अहो, पाण्यात उतरा की," तरंगा म्हणाली. "मिशा काय शोभेला आहेत?"

"अगं, ओल्या अंगानं यंत्राजवळ जायचं नाही, असं खोक्यावर लिहिलंय."

बाराव्या दिवशी सासरे यायचे होते. डुबकराव सकाळपासून होडीत कोरडे बसले. पडद्यावर ठिपके येत होते, जात होते. लहान ठिपके त्यांनी सोडून दिले. सासऱ्यांच्या पानात काय ठिपका वाढायचा?

दुपार कलली. यंत्र एकदम टुंग टुंग वाजू लागले. पडद्यावर केवढी तरी लांबलचक आकृती आली. डुबकरावांनी जाळे टाकले, जीव खाऊन ओढले आणि ते ओरडले, "तरंगा, पान मांड!"

जाळ्यात डोहाप्पा होते.

"जावईबापू," नाकातले पाणी शिंकरत ते म्हणाले, "सासऱ्याला वाढणार आहात की सासराच वाढणार आहात?"

"चुकलं मामा! पण यंत्रात तुम्ही फारच मोठे दिसलात हो."

"मोठा दिसलो?" डोहाप्पांचा आवाज एकदम मऊ झाला. "किती मोठा?"

"आधी अंग पुसा, मग दाखवतो."

डोहाप्पांनी अंग पुसले आणि ते होडीत चढले. मग दोघेही पडद्यात डोके घालून बसले.

सूर्य डोंगराला टेकला. "आप्पा, रीत विसरलात का?" तरंगाने काठावरून विचारले.

"थांब ग. एवढी बॅटरी संपू दे."

तरंगाने पाण्यात बुडी मारली. क्षणात एक गुबगुबीत मासा घेऊन ती होडीला बिलगली आणि नवऱ्याच्या कानात म्हणाली, "हा घ्या. तुम्हीच धरलाय म्हणा. मी कुणाला सांगणार नाही."

डुबकरावांनी मान वर केली नाही. "हा पडद्यावर आला होता का?"

"नाही. मी काठाजवळ धरला."

"मग याला मासा कसं म्हणायचं?"

तरंगा काठावर गेली. पानावर बसून तिने तो मासा एकटीने खाल्ला. तोवर सूर्य बुडाला. तिने तोंड पुसले, मग ती पाण्यात शिरली आणि प्रवाहाच्या उलट, माहेराकडे निघाली.

टुंग टुंग!

"मामा, बघा, बघा! केवढा!"

"पण चाललाय कुठं?"

"वरच्या अंगाला. जाळं टाकू?"

"नको. आधी नीट बघून तर घेऊ."

आकृती हळूहळू पडद्याच्या कडेला गेली आणि दिसेनाशी झाली.

"काय स्पष्ट दिसला!" डुबकराव म्हणाले.

तात्पर्य: लहान होडीसाठी यंत्र घ्याल तर पडदा मोठाच घ्या. घरचे माणूस सोडून जाताना अगदी स्वच्छ दिसते.