मार्थाबाईंची बाजारची उपासना

मार्थाबाईंना माणूस नावानं आठवत नसे. तो कसा जन्मला, त्यावरून आठवे.

"कोण आलंय म्हनलास? तो व्हय, नाळंचा वेढा?" असं त्या आमच्या पोस्टमास्तरांबद्दल चारचौघांत विचारत. कापड दुकानाचे मालक त्यांच्या लेखी "रडला न्हाय तो", कारण जन्मल्यावर त्यांना पाय धरून उलटं टांगावं लागलं होतं. आणि मी, म्हणजे शाळामास्तर आणि भूमच्या आमच्या छोट्याशा बाप्टिस्ट मंडळीचा चिटणीस, "आठव्या महिन्याचा". मंडळीच्या सभेत मी इतिवृत्त वाचायला उभा राहिलो की पहिल्या बाकावरून आवाज यायचा, "सावकाश वाच. पहिल्यापास्नं घाईचाच हाईस तू."

बाई मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या; घरोघरच्या बाळंतपणांनाही त्याच जायच्या. पुढं दवाखाना बंद पडला, डॉक्टर गेले, खाटा गेल्या. बाई तेवढ्या राहिल्या. चर्चच्या मागं दोन खोल्या होत्या, तिथं त्या एकट्या राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. उंच बांधा, पांढरं लुगडं आणि बंद दाराआडूनही बाईला "कळ दे!" म्हणून सांगायची सवय झालेला आवाज. चर्चमध्ये त्यांनी "आमेन" म्हटलं की छतावरची कबुतरं उडायची.

आम्ही बाकीची माणसं देवाकडं मागणं मागतो. बाई मागत नसत, कळवत. उभ्या राहायच्या, डोळे मिटायचे आणि म्हणायच्या, "प्रभू, शांताचा पोरगा तापानं फणफणलाय. बघून घे. आमेन." संपली प्रार्थना. मग शांताला म्हणायच्या, "देवाला कळवलंय म्या. तू तवर कपाळावर पान्याच्या घड्या ठेव."

बहात्तर सालचा तो मोठा दुष्काळ आला, तेव्हा मात्र त्यांचा हा पत्रव्यवहार अडला. "पावसाचं मिरगापासनं कळवतेय," त्या म्हणाल्या. "तिकडं कुणी टपाल फोडतच न्हाय वाटतं."

विहिरी आटल्या, कडबा संपला. गावाबाहेरच्या माळावर दुष्काळी काम निघालं आणि आसपासच्या दहा-बारा गावांतल्या बाया खडी फोडायला लागल्या. त्यात आमच्या मंडळीतल्याही बऱ्याच जणी होत्या. कामाला सुट्टी रविवारी नसे, बाजाराच्या दिवशी असे. त्यामुळं रविवारी सकाळी दहाच्या उपासनेला उरलो आम्ही पगारदार: मी, माझी बायको, दोन कारकून, मार्थाबाई आणि सोसायटीचे चेअरमन दानिएलराव.

एका रविवारी पाळकसाहेब उपदेश करत असताना बाई मधेच उभ्या राहिल्या. पाळक तरुण होते, नगरकडून नवीनच आलेले. गावातला हा एकच पुरुष बाईंच्या हातचा नव्हता, म्हणून त्या त्याच्याशी जरा अदबीनं वागत.

"साहेब, थांबा वाईच," बाई म्हणाल्या. "आपुन सांगतोय कुनाला?"

पाळकांनी बाकांकडं पाहिलं. आम्ही सहा जण होतो, त्यातला एक कारकून पेंगत होता.

"ज्यास्नी थकवा आलाय त्या समद्या माळावर हायेत. हितं बसलेल्यांस्नी काय झालंय? मला बाजाराच्या दिवशी उपासना पायजे. दुपारी तीनला. खडीवरच्या समद्या बायांसाटी. आपल्यातल्या, भाईरच्या, कुन्या बी जातीच्या. देवाला कळवलंय म्या. आता तुमाला सांगतेय."

मंडळीची सभा बसली. दानिएलराव सोसायटीत कर्जाचे आणि खताचे ठराव करून करून असे झाले होते, की घरी पाणी मागायचं तरी सूचक-अनुमोदक शोधायचे. ते म्हणाले, "हा विषय विषयपत्रिकेवर नाही. शिवाय बाहेरची माणसं आत येणार, जाजमं मळणार. आणि लोक काय म्हणतील? दुष्काळाचा फायदा घेऊन बाटवायला निघाले म्हणतील."

शेवटचा मुद्दा खरा होता. मीसुद्धा मान हलवली.

बाई उठल्या. "दान्या," त्या म्हणाल्या. चेअरमनना गावात दान्या म्हणणारं दुसरं कुणी जिवंत नव्हतं. "तू पायाळू. पाय आधी भाईर आले तुजे. दोन रात्री तुजी आय वरडत व्हती. तवा म्या तुज्या बाला म्हनले का, की हे विषयपत्रिकेवर न्हाय?"

दानिएलरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ठराव एकमतानं मंजूर झाला. फक्त एक अट पाळकांनी घातली आणि ती बाईंना मनापासून पटली: कुणाला काही द्यायचं नाही. धान्य नाही, कपडे नाहीत, नावं लिहून घेणं नाही. यायचं, बसायचं, जायचं.

आदल्या दिवशी बाई माळावर आमंत्रण द्यायला गेल्या. मला बरोबर नेलं होतं. उन्हात दगडांच्या ढिगांपुढं बाया बसल्या होत्या, बोटांना चिंध्या बांधलेल्या. बाईंनी दवाखान्यातला आवाज लावला.

"उद्या तीनला चर्चमदी या गं समद्या! सावली हाय, फरशी गार हाय. गानं हुईल, एक गोष्ट हुईल. ऐकायचं तर ऐका, न्हायतर झोपा!"

येरमाळ्याकडची गयाबाई म्हणून एक होती. तिनं हातोडी खाली ठेवली. "बाई, आमी बुद्धाला सरन गेलोय. माज्या सासऱ्यानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतलीया. आता आमाला आनि कुटं जायचं न्हाय."

"जाऊ नगंस," बाई म्हणाल्या. "फकस्त बस."

तेवढ्यात मुकादम आला. कमरेवर हात ठेवून म्हणाला, "काय बाई, बाटवायचा विचार दिसतोय."

बाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आमी बाप्टिस्ट हाय बाबा. आमच्यात मानूस आख्खा पान्यात बुडवावा लागतो. कमरंएवढं पानी कुटं ऱ्हायलं असंल तालुक्यात तर दाव मला. आदी पिऊ."

बाया हसल्या. मुकादमही हसला. ते हसू ऐकलं आणि मला वाटलं, येतील ह्या.

आल्या. पहिल्याच दिवशी तीसेक बाया आल्या. दारात चपला काढायच्या म्हटलं तर निम्म्याजणींच्या पायांत चपलाच नव्हत्या. गार फरशीवर त्यांनी तळवे टेकले आणि काय तो सुस्कारा सोडला! पहिलं गीत संपेपर्यंत अर्ध्याजणी भिंतीला टेकून झोपल्या होत्या. पाळक माझ्याकडं हताश होऊन बघायला लागले.

"झोपू द्या त्येंस्नी," बाई कुजबुजल्या. त्यांची कुजबुज रस्त्यापर्यंत गेली. "तुमच्या आदीच्या पाळकांच्या उपदेशात म्या बी लई झोपलेय. मला काय बी झालं न्हाय."

आता पाळकांनी कोणती गोष्ट निवडावी? नोहाची. दुष्काळात महापुराची. पाप आणि शिक्षा असा त्यांचा मुद्दा होता आणि त्यांनी तयारीही जोरदार केली होती. "चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस पडला," ते म्हणाले.

झोपलेल्या बाया जाग्या झाल्या.

"किती दिस?" मागून एकीनं विचारलं.

"चाळीस."

"सारखा?"

"सारखा. डोंगर बुडाले."

"आरं द्येवा!" असं काही कौतुकानं म्हटलं गेलं, की पाळकांचं पुढचं वाक्य हरवलं. एकीनं हिरवं गवत किती दिवसांनी उगवलं ते विचारलं. दुसरीला त्या पाण्यात ज्वारी टिकली का, ते हवं होतं. मग गयाबाई उठून बसली.

"साहेब, ती मानसं लई पापी व्हती म्हनून देवानं एवढं पानी धाडलं?"

"हो."

"मग आमी काय पाप केलं न्हाय, म्हनून कोरडं ठिवलंय व्हय?"

पाळकांनी पवित्र शास्त्राकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. शेवटी मार्थाबाई म्हणाल्या, "हे इचारन्यासारखं हाय. कळवते म्या," आणि प्रार्थना करून उपासना संपवली.

पुढच्या बाजारी पन्नास बाया आल्या. पाळकांनी आज दुसरी गोष्ट सांगतो म्हटलं, तर त्या एका सुरात म्हणाल्या, "न्हाय, पान्याचीच सांगा." त्या वर्षी आमच्या चर्चमध्ये किती वेळा महापूर आला, मोजदाद नाही. पाळकही हळूहळू शहाणे झाले. पाप-शिक्षा वगळली आणि पाऊस वाढवला. विजा कशा चमकल्या, पन्हाळ्या कशा वाहिल्या, हे ते इतकं रंगवून सांगत, की एक म्हातारी नकळत डोक्यावर पदर घेई.

गोष्ट झाली की बाई तेलाची बाटली घेऊन फिरत. प्रत्येकीची बोटं हातात घेत, चिंध्या सोडत, तेल लावत, पुन्हा बांधत. तोंडानं चालू असे, "हा अंगठा हाय का दगड? उजव्या हातानं हान, डाव्यानं लांबनं धर."

आणि एक गोष्ट अशी झाली, की ती दानिएलराव मरेपर्यंत विसरले नसतील. चेअरमन पायाळू आहेत, ही बातमी सभेतून फुटली होती. कुणाची कंबर धरली, उसण भरली, तर पायाळू माणसाचा पाय लावावा, असं आमच्याकडं मानतात. आणि खडी फोडणाऱ्या बायकांत कंबर न धरलेली बाई कुठली? एका बाजारी दानिएलराव जाजमं मळली का ते बघायला आले, तर एक म्हातारी त्यांच्यापुढं पायरीवर पालथी पडली.

"दादा, जरा पाय लावा."

"आजी, ही अंधश्रद्धा आहे. आम्ही असलं मानत नाही."

"नगा मानू. पाय लावा."

तिच्यामागं सहा-सात जणी येऊन उभ्या राहिल्या. दानिएलरावांनी इकडं-तिकडं पाहिलं. पाळक आत होते. मग त्यांनी जोडा काढला, मोजा काढला आणि अगदी हळू, तान्ह्या पोराला लागू नये तसा, पाय तिच्या कमरेला टेकवला. एक झाली, दुसरी झाली. बाई दारातून हे सगळं बघत होत्या. मला वाटलं आता ओरडणार. त्या एवढंच म्हणाल्या, "मास्तर, हे इतिवृत्तात घिऊ नगंस."

मी घेतलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस पडला. चाळीस दिवस नाही, पण पडला. माळावरचं काम बंद झालं आणि बाया आपापल्या गावी गेल्या. काही शेतात लागल्या, काही पुढं ढोकीकडं उसाला गेल्या. आमच्या मंडळीतल्या बाया पुन्हा रविवारी दहाला येऊ लागल्या. बाजारच्या उपासनेला आधी दहा, मग चार, मग कुणीच नाही असं झालं. पाळकही तीनला चक्कर मारून परत जायचे. सभेत विषय निघाला आणि ती उपासना बंद करावी असं ठरलं. ह्या वेळी तो विषय रीतसर विषयपत्रिकेवर होता. बाई त्या सभेला आल्या नाहीत. ठराव त्यांना नेऊन द्यायचं काम चिटणीसाचं, म्हणजे माझं.

मी बाजाराच्या दिवशी मुद्दाम तीनला गेलो. दार उघडं होतं. जाजमं पसरलेली होती. बाई एकट्याच भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना खाली बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो. आमच्या डोळ्यांसमोर त्या कायम उभ्या, नाहीतर पहिल्या बाकावर ताठ असायच्या.

"ये," त्या म्हणाल्या. हळू म्हणाल्या. हळू बोलता येतं त्यांना, हेही मला तेव्हाच कळलं.

"बाई, सभेनं ठरवलंय..."

"ठावं हाय. कागूद खिशात असंल. ऱ्हाऊ दे." मग त्यांनी दाराकडं पाहिलं. "मास्तर, तुला काय वाटलं, म्या त्या बायांसाटी हे काडलं?"

"मग?"

"काडलं त्येंच्यासाटीच. पर दुसऱ्या का तिसऱ्या बाजारी गया आत आली आन् मला इचारलं, बाई, तुमी जेवला का? म्या बघतच ऱ्हायले. तीस वर्सं लोकांच्या घरात ऱ्हायले. रातंदिस. समदे मला इचारायचे, बाई, बाळंतीन जेवली का, बाळ पेलं का. म्या जेवले का, हे कुनी इचारलं न्हवतं. कुनाची चूक न्हाय ती. घाईच आसते तवा. पर गया इचारायची. मंग समद्याच इचाराय लागल्या. भाकरीचा तुकडा आनायच्या फडक्यात, मिलोचा, त्या रेशनच्या अमेरिकन जवारीचा. लालभडक, घशाखाली उतरायचा न्हाय." त्यांनी जाजमाची कड सरळ केली. "तीन वाजले की आजून बी वाटतं, आता इचारतीन."

मी कागद खिशातच ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसलो. मग आम्ही दोघांनी एक गीत म्हटलं. माझा सूर लागत नाही, हे सगळ्या मंडळीला माहीत आहे. बाईंनी ह्या वेळी टोकलं नाही.

पुढच्या सभेत दानिएलरावांनी विचारलं, "बाजारच्या उपासनेचं काय झालं? बंद झाली ना?"

"नाही," मी म्हटलं. "परवा दोन जण हजर होते."

"कोण कोण?"

मी सांगितलं. दानिएलरावांनी पेन्सिल खाली ठेवली. सूचक कोण, अनुमोदक कोण, काही विचारलं नाही. मग म्हणाले, "पुढचा विषय घ्या."

नंतरच्या बाजाराला माझ्या बायकोनं ज्वारीच्या दोन भाकरी, पिठलं आणि ठेचा फडक्यात बांधून दिला. तीनच्या सुमाराला मी चर्चच्या दारात पोचलो. बाई जाजम झटकत होत्या.

"बाई," मी म्हटलं, "जेवलाय का?"

त्यांनी जाजम तसंच खाली सोडलं. पदरानं तोंड पुसलं, फरशीवर बसल्या आणि थोडं सरकून माझ्यासाठी जागा केली.