अध्यक्षांची रेंज आणि टिटव्याचं अंडं

मुलांनो, माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, शब्दही साधेच येतील. तेवढं सांभाळून घ्या.

एका जंगलात एक दवाखाना होता. तिथले डॉक्टर बगळेराव. त्यांच्याकडे अंड्यातल्या पिल्लाचे ठोके ऐकणारं यंत्र होतं. यंत्र फार हळवं. जवळ कुणी मोबाइलवर बोललं की त्या लहरींनाच ते ठोके समजायचं.

आणि मोबाइल तर घरोघरी. जंगलाचे अध्यक्ष गवाजीराव गवे यांच्याकडे दोन होते, एकेका शिंगाला एक.

बगळेराव म्हणाले, "यंत्राची खोली तांब्याच्या जाळीनं मढवू. दार लावलं की बाहेरच्या लहरी आत येणार नाहीत."

खोली झाली. उद्घाटनाला गवाजीराव आत गेले. दार लागलं. लगेच आतून हंबरडा आला.

"अहो बगळेराव! इथं रेंजच नाही!"

"नसणारच, साहेब. त्यासाठीच तर..."

"नवी कोरी खोली आणि रेंज नाही? कुणी केलं हे काम?"

बाहेर उभ्या असलेल्या जंगलाच्या कार्यकारिणीनं शरमेनं माना खाली घातल्या. मग जाळीला भोक पाडून वायर आत घेतली आणि यंत्राच्या डोक्यावरच रेंज वाढवणारा डबा बसवला. आता सगळ्या जंगलातली सगळ्यात झकास रेंज त्या एका खोलीत. गवाजीराव तिथंच मुक्कामाला आले.

अशात एक टिटवा पंखाखाली अंडं धरून आला. स्वभावानं लाजरा. घरट्यातली बाकीची अंडी मुंगसानं नेली होती. उरलेलं हे एक गारपिटीत गारठलेलं. आत जीव आहे का, एवढंच त्याला कळायला हवं होतं. टिटवी जेवायचं नाव घेत नव्हती.

बगळेरावांनी अंडं यंत्रावर ठेवलं. पलीकडे गवाजीराव फोनवर गरजत होते, "हॅलो! हां, बोला!" यंत्रावरची रेघ थयथय नाचली.

"काय दिसतंय, डॉक्टर?"

"आत पिल्लू नाही रे, वरात आहे."

टिटवा घाबरत घाबरत पुढे झाला. "साहेब, जरा बाहेर जाऊन बोलता का?"

"बाहेर रेंज नसते रे बाळ," गवाजीराव मायेनं म्हणाले.

टिटवा घरी गेला. साहेबांच्या फोनपायी ठोके कळत नाहीत म्हणाला. टिटवीनं विचारलं, "बाहेर जाता का, असं विचारलंत का त्यांना?"

"विचारलं. बाहेर रेंज नसते म्हणाले."

"मग ते तिथनं कधी उठतच नाहीत?"

टिटव्यानं डोकं खाजवलं. "उठतात की. सत्काराला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एक शाल आणि एक नारळ घेऊन डोंगरापलीकडच्या माकडांकडे गेला. "अध्यक्षांचा सत्कार करा."

"कशाबद्दल?"

"जंगलात रेंज आणली म्हणून. आणि भाषणं लांबू द्या."

गवाजीराव कार्यकारिणीसकट धावत डोंगर चढले. इकडे टिटव्यानं वायर उपटली. बगळेरावांनी भोकावर जाळीचा तुकडा घट्ट बसवला, दार लावलं. अंडं यंत्रावर ठेवलं.

टिक. टिक. टिक.

  टिटव्यानं अंडं पंखाखाली घेतलं आणि न उडता, एकेक पाऊल जपून टाकत, चालत घरी गेला.

तात्पर्य : नाजूक यंत्राचं रक्षण तांब्याच्या जाळीनं होतं, मुलांनो. पण ती जाळी टिकवायला शाल लागते. सत्कार मात्र डोंगरापलीकडेच ठेवावा.