वरिष्ठ पराभूत

साम्राज्य उभं राहायला दोन माणसं लागतात: एक जिंकणारा आणि एक वेळेवर हरणारा. पहिल्याचे पुतळे होतात. दुसऱ्याची हजेरी होते, आणि ती आमच्या कंपनीत मी ठेवतो.

दुबईत जबल अलीजवळच्या आमच्या करमणूक उद्यानात रोज संध्याकाळी सात वाजता रोमन लोक बालेरिक बेटं जिंकतात. (खरी बेटं स्पेनजवळ भूमध्य समुद्रात आहेत. आमची तळ्यात आहेत आणि दर गुरुवारी धुतली जातात.) खरी मोहीम इसवी सनापूर्वी १२३ साली निघाली. आमची वीस मिनिटांत आटोपते, मग दहा मिनिटं रोमन राज्य, आणि साडेसातला बुफे.

त्या बेटांवरचे लोक गोफणीत तरबेज होते, म्हणून कंपनीने मेंटेनन्समधून बारा बेटवाले निवडले. त्यांतला किसन मंगळवेढ्याचा, ज्वारीवरची पाखरं हाकत मोठा झालेला. रोमन सेनापती म्हणजे वसईचा रॉयस्टन, एरवी बँक्वेट मॅनेजर.

पहिल्याच प्रयोगात किसनने चाळीस पावलांवरून फोमच्या गोळ्याने रॉयस्टनचं शिरस्त्राण उडवलं. दुसरा गोळा झेंडेवाल्याला, तिसरा नावाड्याला. रोमन परत फिरले. सलग पाच दिवस बेटं स्वतंत्र राहिली आणि बिर्याणी गार झाली.

इव्हेंट्सच्या सुहासिनी मॅडमनी बैठक घेतली. खऱ्या रोमनांनी गोफणीपासून बचावासाठी जहाजांवर कातडी ताणली होती, असं कुणीतरी वाचलेलं निघालं. खरेदी विभागाने सोफ्याचं रेक्झिन आणलं. किसनने शिवणीच्या फटीतून मारलं. मग त्याला चुकण्याचं तीन दिवसांचं ट्रेनिंग दिलं. त्यात तो नापास झाला. (डोळ्यांवर पट्टी बांधून त्याने ट्रेनरला दोनदा टिपलं.)

शेवटी मॅडमनी त्याच्या व्हिसाच्या रिन्यूअलचा कागद टेबलावर ठेवला आणि अतिशय सौम्य आवाजात सांगितलं, की रविवारी रोम जिंकलं नाही तर हा खलास. किसनच्या दोन मुली सोलापुरात होस्टेलला शिकत होत्या. तो त्या दिवशी जेवला नाही.

रविवारी रोम जिंकलं. गोळे सणसणत गेले, एकही लागला नाही. प्रत्येक गोळ्यामागून किसनची एक अस्सल मराठी शिवी जात होती. (मॅडमनी तिची नोंद 'प्राचीन बालेरिक भाषा' अशी करवली.) बेटवाले ठरल्या वेळी गुडघ्यांवर बसले. बिर्याणी गरम होती.

रॉयस्टन मात्र पांढराफटक पडला होता. मुहैस्नाहच्या कामगार वस्तीकडे जाणाऱ्या बसपाशी त्याने किसनला गाठलं आणि नेम इतका बिघडवलास कसा, असं विचारलं.

"बिघडला कुठं, सर?" किसन म्हणाला. "तुमच्या उजव्या कानापासून दोन बोटं सोडून मारत होतो. अठराच्या अठरा तिथंच गेले."

तेव्हापासून रॉयस्टन बेटावर उतरताना मान तसूभरही हलवत नाही. प्रेक्षकांना तो रोमन रुबाब वाटतो, आणि त्याबद्दल त्याला बढती मिळाली. किसनला दोन वर्षांचा व्हिसा आणि 'वरिष्ठ पराभूत' हा हुद्दा मिळाला.

फीडबॅक फॉर्मनुसार चौऱ्याण्णव टक्के प्रेक्षक रोमन राज्यावर समाधानी आहेत. (उरलेल्या सहा टक्क्यांना पनीर पुरलं नाही.) बेटवाल्यांबद्दल आजवर एकच शेरा आला, तोही मराठीत: 'तो गोफणवाला आपल्याकडचा दिसतो. आपल्या लोकांना साधा नेम धरता येत नाही, म्हणून आपण मागे.'

खाली नाव नाही. तुम्ही गेल्या डिसेंबरात दुबईला आला होतात ना?