बाटलीला फिरवून आणणारे वानखडे भाऊजी

आमचे शेजारी वानखडे भाऊजी दर मे महिन्यात लशीची एक बाटली एस.टी.नं तेल्हाऱ्यापर्यंत फिरवून आणायचे. भर दुपारी, खिडकीशी बसून, मांडीवर घेऊन. कंडक्टर म्हणे, "साहेब, इचं अर्धं तिकीट काढा." हे गंभीरपणे सांगत, "मांडीवरच्याले तिकीट नसते, भाऊ."

आता यात वेडेपणा नव्हता बरं का. अमरावतीत लस बनवायची प्रयोगशाळा होती, तिथं ते शास्त्रज्ञ. कुत्रं चावल्यावर टोचतात ती लस आपल्या वऱ्हाडच्या उन्हातही खेड्यापर्यंत चांगली राहावी, एवढाच त्यांना ध्यास; फिरवून आणलेली बाटली ते परत येऊन तपासत. लग्नाचं विचारलं तरी म्हणत, "आधी बाटलीले इचारू." बाटलीनं दहा वर्षं काही होकार दिला नाही.

अशाच एका मे महिन्यात माझ्या लेकीला, कमलला पिसाळलेलं कुत्रं चावलं. पोटात चौदा इंजेक्शनं. रोजची लस भाऊजी स्वतः थर्मासात, बर्फात घालून आणत आणि आम्हाला दवाखान्यात नेत. पाचव्या दिवशी थर्मास ओट्यावर ठेवून ते पाय धुवायला गेले. मी म्हटलं, माणूस रोज येतो, चहाचं नाव नाही. बर्फ ओतून दिला, बाटली खिडकीत ठेवली अन् थर्मास चहानं भरला.

"वैनी, बाटली?"

"हे काय, उन्हात वाळून राहिली."

रागावले नाहीत. सायकल काढली, दुसरी घेऊन आले. मग एवढंच म्हणाले, "हिवरखेडले माह्या लहान बहिणीची बाटली अशीच खिडकीत राह्यली होती. कोणाले मालूम नव्हतं, उन्हानं लस बाद होते म्हणून. वाचली नाही."

त्यानंतर मी चहाचं नाव काढलं नाही.

चौदा इंजेक्शनं झाली, तरी भाऊजी रोज संध्याकाळी येत. पाणी मागत आणि कमलनं गिलास आणला की म्हणत, "आधी तू पी, पोरी. पुरा." मला वाटे, हा एक नवाच चाळा. सासूबाई हळूच म्हणाल्या, "अवं, इष चढलं की माणूस पाण्याले भेते. ते पाहून राहिले."

मग काय, मीही रोज गिलासाकडेच बघत बसे.

दिवाळी झाली. एका संध्याकाळी कमलनं गटागटा गिलास संपवला, दुसरा भरला अन् म्हणाली, "काका, तुमी नुसतं मांगता, पेत कधीच नाई. घ्या."

भाऊजींनी गिलास घेतला. एका दमात प्यायले.

"सहा महिने झाले, वैनी. आता भेव नाही," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "चहा ठेवता का? कपातच द्या."