टोल्युइनाचे स्वारीत खापराने राखिलेली अब्रू

वाचते मंडळींचे हुजुरास बखरकार हात जोडून अर्ज करितो ऐसा, की सुरत प्रांती पांडेसऱ्याचे रसायन कारखान्यात आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे, सणादिवशी जो संग्राम जाहला तो आम्ही समक्ष पाहिला, सबब पदरचे काही घातले नाही, घातले असल्यास थोडेच.

ते दिवशी टोल्युइन नामे द्रावणाचा टँकर वेशीवर येऊन ठाकला, आणि माल खरा की भेसळीचा हे पारखावयास प्रयोगशाळेच्या केमिस्ट योगिताबाई यांस पाचारण जाहले. खरे टोल्युइन एकशे दहा अंशांवर उकळावे आणि पारा तेथेच ठाम राहावा, हा कायदा. मग मॅनेजर गजेंद्रराव यांनी फर्मान सोडिले, की तीन वाजेतो पारा न ठरल्यास टँकर माघारी, आणि बाईंची आज पक्की होणारी नोकरी आणखी एक साल कच्ची. बाईंनी आधीच दोन साल कच्चेपणी काढिली होती.

बाईंनी चंबू विजेचे शेगडीवर चढविला, आणि मग काय सांगावे! द्रव स्वस्थ बसे, आणि एकाएकी उसळी घेऊन थर्मामीटरावर चालून जाई, आणि पारा कधी शंभरावर तर कधी एकशे पंधरावर. शोध घेता कळले की उकळी शांत राहावी म्हणून चंबूत टाकावयाचे खडेच बरणीत नाहीत. कामगार उखाजी यांनी सणाची साफसफाई करिता ते रेती समजोन गटारात रवाना केले, आणि बरणी लखलखीत घासून आत जास्वंदीचे फूल ठेविले. आम्हांस उखाजींचा मोठा राग आला, आणि फूल पाहून गेलाही.

बाईंनी मसलत केली, की भाजक्या मातीचा बारीक छिद्रांचा तुकडा मिळाल्यास निभेल. ऐसी माती अवघ्या कारखान्यात एकच, ते कँटीनच्या प्रमिलाबाई यांचे खापर, जे चुलीवर पालथे घालून त्या कारखान्याचे समस्त खानदेशी कामगारांचे फौजेच्या पुरणपोळ्या भाजावयास बसल्या होत्या. पहिली पोळी पडणार इतक्यात उखाजी मान खाली घालून हजर जाहले, बाईंचे नोकरीसाठी खापराचा तुकडा मागते जाहले, आणि पंगतीतील चाळीस मुंड्या वळल्या. प्रमिलाबाईंनी हुकूम केला,

“पोरनी नोकरी मोठी का मन्हं खापर? लई जा उखाभाऊ, पन काठमाईनच फोडजो!”

खापराचे काठाचा सुपारीएवढा तुकडा निघाला. बाईंनी तो धुवून, वाळवून, फोडून चार खडे केले, चंबू निवू दिला, खडे आत टाकिले आणि पुन्हा आच दिली. मग बारीक बुडबुडे शिस्तीने वर येऊ लागले, आणि पारा चढत चढत एकशे दहावर जो बसला, तो पाटावर जावई बसावा तैसा, उठावयाचे नाव नाही.

तीन वाजण्यास सात मिनिटे कमी असता फत्ते जाहली. टँकर आत दाखल, आणि पक्क्या नोकरीचा कागद गजेंद्ररावांचे सहीनिशी बाईंचे हाती. मग पंगतीस पोळ्या आल्या, त्या हरएक एका काठास तुटक्या, कारण मोडल्या खापरावर तेथे पोळी टेकेना. पहिली योगिताबाईंस वाढिली. बाई ते तुटके काठ पाहून भर पंगतीत रडल्या, आणि मग आणखी तीन मागोन घेतल्या.

सदरहू मोहिमेत फौजेची हानी : माणूस एकही नाही, पोळीमागे एक घास.